एकपंखी की दोनपंखी

आमच्या दाजींना कुठलीही वस्तू एकटी बघवत नसे. तिच्या शेजारी दुसरी ठेवली की मगच त्यांना ती दिसायची. लग्नानंतर पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले, तेव्हा आईच्या वरणाला त्यांनी चांगलं म्हटलं नाही आणि वाईटही म्हटलं नाही. लासूर स्टेशनला राहणाऱ्या आपल्या वहिनीच्या वरणाशी ते ताडून पाहिलं आणि निकाल राखून ठेवला. आई बिचारी शेवटपर्यंत त्या निकालाची वाट बघत होती. थोरल्या बहिणीचा नवरा म्हणून मी तोंडावर काही बोलत नसे. मनातून मात्र या माणसाला मी कधी पास केलं नाही.

वाळूजच्या एका कारखान्यात ते सुपरवायझर होते. कामावरून आले की चहाचा कप हातात धरून मोबाइलवर कॉम्प्युटरच्या सुट्या भागांची माहिती वाचत बसायचे. स्वतः कधी एक भाग विकत घेतला नाही, पण दुसऱ्या कोणी घेतला की त्यात खोट काढायला हे हजर. शेजाऱ्याने मुलासाठी ग्राफिक्स कार्ड आणलं आणि चार जीबी साठवणीचं आहे म्हणून कौतुकाने दाखवलं. कार्डावर पडद्यावरची चित्रं तयार होतात, एवढंच त्या बिचाऱ्याला ठाऊक. दाजी म्हणाले, "टाकी दोन हजार लिटरची अन् नळ अर्ध्या इंचाचा. काय करता त्या जीबीला?" पाण्याच्या टाक्यांवर जगणाऱ्या आमच्या कॉलनीला हे तत्काळ पटलं. दाजींना ते वाक्य इतकं आवडलं, की पुढे ते त्यांनी लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकवलं.

ती दुष्काळाची वर्षं होती. शहर तेव्हा औरंगाबाद होतं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, आलं तर. आणि नेमक्या त्याच वर्षांत बीड बायपासला, पैठण रोडला इमारतींवर इमारती उठत होत्या. जिथे प्यायला टँकर लागायचा तिथे बिल्डर पोहण्याच्या तलावाची जाहिरात करायचे. अशा न बांधलेल्या इमारतींची हुबेहूब चित्रं कॉम्प्युटरवर करायला ताई शिकली होती. एका बिल्डरने तिला काम देऊ केलं. गुढीपाडव्याला बुकिंग उघडणार होतं, त्याआधी चित्रं हवी होती. घरातला जुना कॉम्प्युटर एका चित्राला अख्खा दिवस खायचा आणि शेवटी बंद पडायचा. चांगलं कार्ड घातल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. संसारात इतकी वर्षं घातल्यावर स्वतःच्या नावाने मिळणारं हे पहिलं काम, ताईचा सगळा जीव त्यात होता. दाजी म्हणाले, "तू नको बघू. ते माझ्यावर सोड." तिथेच घात झाला.

औरंगपुऱ्यातल्या दुकानात दोन कार्डं निघाली. एकाला थंड ठेवायला एक पंखा, दुसऱ्याला दोन. दाजींनी त्यांची नावं ठेवली एकपंखी आणि दोनपंखी, आणि थंडीभर दर रविवारी मला स्कूटर काढायला लावून त्यांच्या दर्शनाला जाऊ लागले. एकपंखी चपळ, वीज कमी खाणारं, पण साठवण थोडी. दोनपंखीत साठवण दुप्पट, पण ते धीमं आणि तापट. दुकानातल्या कॉम्प्युटरवर मोटारींच्या शर्यतीचा खेळ लावायचा, कुठल्या कार्डावर गाडी जास्त सलग पळते ते डोळे बारीक करून बघायचं, आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच. ताईला आयुष्यात मोटारींची शर्यत खेळायची नव्हती. तिच्या इमारतीचं चित्र लावून बघावं, असं या विद्वानाच्या डोक्यात एकदाही आलं नाही. एक दिवस दुकानदार वैतागून म्हणाला, "भाईसाब, आप लेने आते कि मिलने आते?" दाजींनी त्यालाही नळ आणि टाकी ऐकवली.

मग कुठेतरी वाचलं, की दोन्हींपेक्षा सरस कार्ड येऊ घातलंय. झालं, थांबायला कारण मिळालं. पाडवा तोंडावर आला तेव्हा बिल्डरने चित्रं पुण्याच्या कोणाला तरी देऊन टाकली. ताई रडली नाही. भाकरी तव्यावर टाकता टाकता एवढंच म्हणाली, "अहो, तुमच्या त्या दोन कार्डांत माझं काम कुठं होतं?" दाजींनी हाही निकाल राखून ठेवला.

पुढच्या आठवड्यात ताई एकटी औरंगपुऱ्याला गेली, पेनड्राइव्हमध्ये आपली इमारत घेऊन. दोन्ही कार्डांवर तीच इमारत लावायला सांगितली आणि स्टुलावर बसून राहिली. शेकडो खिडक्या आणि झाडं एकपंखीच्या साठवणीत मावेनात, ते अर्ध्यातच थांबलं. दोनपंखीने रडतखडत चित्र पुरं केलं. इथे टाकीच मोठी लागत होती. ताई दोनपंखी घेऊन घरी आली. दाजींनी खोकं उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, "चुकलीस. हे लई तापणार."

आणि ते तापलं. अक्षय्य तृतीयेचं दुसरं काम ताईच्या हाती आलं होतं, ऊन चाळिशीच्या वर गेलं होतं, आणि दुपार झाली की चित्र अर्धवट टाकून कॉम्प्युटर बंद पडत होता. आपलं भाकीत खरं ठरल्याचं समाधान दाजींच्या चेहऱ्यावर दिवसभर होतं. त्यांना उचलून रिकाम्या टाकीत टाकावं, असं मला वाटलं.

दोन दिवसांनी गेलो तर बाहेरच्या खोलीतला कूलर ताईच्या कॉम्प्युटरजवळ लावलेला होता. आमच्याकडचे कूलर बादल्यांनी पाणी पितात आणि घरात तर मोजकं पाणी. दाजी ओट्यावर बनियनवर बसून वर्तमानपत्राने वारा घेत होते. ताईने हळूच सांगितलं, की त्यांच्या आंघोळीची बादली रोज कूलरमध्ये जाते आणि ते ओल्या पंच्याने अंग पुसून कामावर जातात. ती नको म्हणाली तर ऐकत नव्हते. मी बाहेर येऊन विचारलं, तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "कार्डाचं तापमान पडद्यावर दिसतं, मेव्हणं. माझं कुठं दिसतंय?"

यात मोठा त्याग होता असं मी म्हणणार नाही. थंडीतच कार्ड घेतलं असतं तर ही वेळ आली नसती. पण त्या उन्हाळ्यात दोनपंखी पुन्हा बंद पडलं नाही आणि ताईचं काम वेळेत गेलं.

ते चित्र मोठं करून पैठण रोडला लावलं तेव्हा आम्ही तिघं बघायला गेलो. बारा मजली इमारत, दुतर्फा झाडं आणि पुढ्यात निळाशार तलाव. फलकाच्या सावलीत बायका टँकरसाठी घागरी मांडून बसल्या होत्या. दाजींनी मान वर करून बोटाने एकेक मजला मोजला. मग म्हणाले, "पाणी बरं जमलंय. एकपंखीवर अजून निळं दिसलं असतं." ताई इतकी हसली, की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

दाजी पुढे हृदयविकाराने गेले. ताईला आता कामाची वाण नाही. मला त्यांची आठवण येते, आणि आली की आधी रागच येतो. त्या रस्त्याने जाताना इमारत दिसते. तलाव बिल्डरने कधी बांधलाच नाही. चित्रातला दाजींनी आपल्या आंघोळीच्या पाण्याने भरला होता, तेवढाच.