गुणवंतरावांचा धुरा

उमा नदीच्या खोऱ्यात धानशेती कशी आली, हे गुणवंतरावांना विचारलं की ते आधी पान लावतात आणि मग आज्यापासून सुरुवात करतात. आज्यानं जंगल तोडून धानाच्या बांध्या, म्हणजे पाणी साठवायचे वाफे, पाडल्या, बापानं फेकून पेरणं सोडून रोवणी धरली, आणि स्वतः त्यांनी चिखलणीला ट्रॅक्टर आणला. सगळं खरं आहे. एक गोष्ट तेवढी सांगायची राहते. ती त्यांच्या बायकोनं, भागीरथाबाईनं, रोवणीच्या बायांना सांगितली. म्हणजे अख्ख्या खोऱ्यालाच सांगितली म्हणा ना.

गुणवंतरावांची बांधी वर, वच्छलाबाईची खाली, आणि मधे हद्दीचा मातीचा बांध, म्हणजे धुरा. आज्याच्या काळी त्यावरून बैलबंडी जायची, आणि त्याच्यावर लावलेली तूर वर्षभर वरणाला पुरायची. दर उन्हाळ्यात धुरा तासून साफ करायची रीत आहे. बाप तासताना बोटभर जास्तच तासायचा. वच्छलाबाईचा सासराही काही कमी बोटांचा नव्हता. दोन्ही घरांनी पुढच्या पिढीत हा हुन्नर जपला. धानाच्या ओळी वाढल्या, धुरा आटला. यंदा त्याच्यावरून मांजर गेलं तर तेही तोल सांभाळत गेलं, आणि डाळ आता दोन्ही घरी दुकानातून येते.

दसरा झाला, धान निसवला, लोंब्या बाहेर पडल्या, आणि पावसानं पाठ फिरवली. तलावाच्या पाण्याची गुणवंतरावांची पाळी आली: सकाळपासून दुपारपर्यंत, पुन्हा थेट आठ दिवसांनी. आज बांधी भरली तर लोंबीत दाणा, नाहीतर घरात नुसतं तणस, रिकामा पेंढा.

नऊच्या सुमाराला खेकड्याच्या बिळापाशी धुरा ढासळला. सगळं पाणी खळखळत वच्छलाबाईच्या बांधीत. गुणवंतरावांनी चिखल टाकला, तो वाहिला. गोणपाट कोंबलं, तेही पलीकडे गेलं. वच्छलाबाई काठावर उभी, पदर खोचून, तोंडावर हसू.

"काऊन जी गुणवंतभाऊ, पाळी तुमची आन् पाणी माह्या घरी?"

"बाई, थट्टा नोका करू. थोडी माती द्या तुमच्याकडची."

"माती? इतके वर्सं तासून राह्यले, ते माती कुठी गेली?"

"तुमी का कमी तासलं?"

"तासलं ना! मी कुठी नाई मनून राह्यली? पन माही बांधी तं भरून राह्यली. घाई तुमाले हाय."

गुणवंतरावांनी पाण्याकडे पाहिलं, सूर्याकडे पाहिलं. मग आवाज उतरला.

"बरं, बोला. काय करू?"

"धुरा हातभर रुंद करा. तुमच्याकडून."

"हातभर? तीन ओळी जातात, बाई! निसवला धान हाय!"

"मंग बसा, पाणी पाहत."

अशा वेळी माणसाला देव आठवतो. गुणवंतरावांनी शेजारी चिखल उपसणाऱ्या भागीरथाबाईकडे पाहिलं. तिनं आधीच वाकून पहिली मूठ उपटली होती. मग त्यांनीही विळा घेतला. स्वतः रोवलेल्या, स्वतः वाढवलेल्या तीन ओळी काढल्या, तिथली ढेकळं खोदून धुऱ्यावर रचली, पायानं तुडवली. माती थोडी अपुरीच पडली. तेव्हा वच्छलाबाई खाली उतरली, आपलीही एक ओळ उपटली आणि तिथली माती धुऱ्यावर ओढली.

दुपारी पाणी बंद झालं तेव्हा बांधी कोपऱ्यापर्यंत भरली होती.

चार दिवसांनी पानठेल्यावर गुणवंतराव लोकांना समजावत होते, "धानाले रुंद धुरा पाह्यजे. सुधारलेली पद्धत हाय ते."

वच्छलाबाई बाजारातून येत होती. ती थांबली. "तीन ओळी गेल्या तवा कळली का जी पद्धत?"

गुणवंतरावांनी पान दुसऱ्या गालात सरकवलं. "मोठी शिकवणी हाय, बाई. तुमची एकच ओळ गेली. तुमचं शिक्षण अजून बाकी हाय."