सहा नंबरच्या खोलीतल्या शोभाबाई

दोह्याच्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या त्या दवाखान्यात सहा नंबरच्या खोलीवर स्वतःच्या नावाची पाटी लागली, तेव्हा शोभा घोगरे सेहेचाळीस वर्षांच्या होत्या. वर नाव, खाली ‘फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर’, आणि त्याखाली तेच सगळं अरबीत. नवरा अवधूत त्या दिवशी लुसैलच्या ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला, बायकोला पाटीशेजारी उभं केलं आणि फोटो काढून परांड्यापासून पुण्यापर्यंत सगळ्या नातेवाइकांना पाठवला. अभिनंदनाचा नुसता पाऊस पडला.

पेशंट मात्र येईनात.

सकाळी आठला शोभाबाई खोली उघडत, टेबल पुसत, बीपीचं मशीन तपासून ठेवत आणि बसून राहत. बाहेर काउंटरवर अदीबा असे. हैदराबादची मुलगी, जिभेवर साखर. ती लोकांना समजावून सांगे, “डॉक्टरांकडे दोन तास लागतील. सिस्टर शोभा लगेच बघतील. त्या तपासतात, औषधंही लिहून देतात.” लोक एकदा पाटीकडे बघत, एकदा घड्याळाकडे, आणि म्हणत, “नको, आम्ही थांबतो.”

लोकांचं तरी काय चुकलं? नर्स म्हणजे सुई टोचणारी, ड्रेसिंग बदलणारी, हेच सगळ्यांच्या डोक्यात. घरातल्या तान्ह्यापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना तपासायचं, बीपी-शुगर वर्षानुवर्षं सांभाळायचं, आणि आपली हद्द संपली की डॉक्टरांना हाक मारायची, हे काम करणारी नर्स असते हे कुणाला ठाऊक होतं? शोभाबाईंना मात्र ते लहानपणापासून ठाऊक होतं. त्यांची आई परांडा तालुक्यात उपकेंद्रावर नर्सबाई होती. पाच गावं तिच्याकडे. बाळंतपण असो, लस असो, तापाची साथ असो, लोक आधी बाईंकडे येत आणि बाईंनी सांगितलं तरच तालुक्याला जात. आई म्हणायची, “पट्टा गुंडाळायच्या आधी माणसाला जरा बसू दे गं. आल्या आल्या मोजलं तर त्याचं बीपी न्हाई, त्याची चाल मोजल्यागत हुतंय.”

शोभाबाई दोह्याला आल्या त्या वॉर्डातली नर्स म्हणून. एकोणीस वर्षं त्यांनी वॉर्ड सांभाळला. त्रेचाळिसाव्या वर्षी त्यांनी पुढच्या शिक्षणाचा फॉर्म भरला, तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या, “आता कशाला? खलास, झालं की आपलं.” पण त्यांच्या मनात एक गोष्ट रुतली होती. वॉर्डात येणारी निम्मी माणसं इतकी आजारी पडून यायलाच नको होती, असं त्यांना वाटे. कुणीतरी आधी, वेळेवर, दहा मिनिटं नीट बोललं असतं तर? मुलगी अनुष्का पोहण्याच्या क्लासला गेली की शोभाबाई बाहेर गाडीत एसी लावून पुस्तक उघडत. मांडीवर पुस्तक, स्टिअरिंगवर वही. अनुष्का ओल्या केसांनी परत आली की विचारायची, “Aai, which chapter?” आणि उत्तर ऐकून, अगदी शाळेतल्या बाई असल्यासारखी, पुढचा प्रश्न विचारायची. अभ्यास झाला, डॉक्टरांच्या हाताखालचे तास भरले, परीक्षा झाली, लायसन्स आलं. आणि आता ही रिकामी खोली.

चौथ्या आठवड्यात मंगळवारी अदीबाने फोन केला. “सिस्टर, एक आजोबा आलेत. सूनबाई सोबत आहे. डॉक्टर अबूबकर फुल आहेत. आजोबा तयार नाहीत, पण सूनबाई थकलीय हो. पाठवू?”

“पाठव,” शोभाबाई म्हणाल्या.

गोविंदराव पिंगळे आत आले ते सुनेचा हात झिडकारत. वय चौऱ्याहत्तर, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. ओझरच्या विमान कारखान्यात उभी हयात इन्स्पेक्टर म्हणून काढलेली. आता नाशिकचं घर बंद करून मुलाकडे, वरुणकडे, राहायला आले होते. त्यांनी पाटी वाचूनच आत पाऊल टाकलं होतं.

“मला डॉक्टरांना भेटायचंय, सिस्टर. तुमच्याबद्दल काही म्हणणं नाही.”

मराठी ऐकून शोभाबाई हसल्या. “काका, दहा मिनिटं बसा. पटलं नाही तर मी स्वतः तुम्हाला डॉक्टरांच्या दारापर्यंत पोचवते.”

गोविंदराव चपापले. “मराठी? कुठल्या तुम्ही?”

“परांड्याची.”

“किल्ल्याचं परांडा?”

“तेच.”

ते बसले. सून गौरी मात्र खुर्चीत जवळजवळ कोसळलीच. दोन महिन्यांपासून सासऱ्यांना चक्कर येत होती, तिने सांगितलं. कानाचे डॉक्टर झाले, हृदयाचे झाले, मेंदूचे झाले. प्रत्येकाने आपापला भाग तपासून ‘नॉर्मल’ सांगितलं. गेल्या शुक्रवारी बाबा बाथरूमच्या दारात पडले. नशीब, टॉवेलच्या दांडीला हात लागला. “मी रोज दवाखान्यांना फोन करून विचारतेय,” गौरी म्हणाली, “की अख्खा माणूस बघणारं कुणी आहे का? सगळे म्हणतात, कुठला स्पेशालिस्ट पाहिजे ते सांगा. मला कुठला पाहिजे तेच तर कळत नाही ना!”

शोभाबाईंनी पट्टा हातात घेतला नाही. आधी नाशिकचा विषय काढला. घर कोण बघतं, झोप लागते का, जेवण कसं आहे, इथे करमतं का. गोविंदराव पहिल्यांदा तुटक बोलले, मग मोकळे झाले. इथे सकाळी फिरायला जायचे ते चक्कर येऊ लागल्यावर बंद झालं. आता दिवसभर खिडकीतून स्कूलबस मोजायच्या. ते बोलत होते तेव्हा शोभाबाईंचं लक्ष त्यांच्या पायांकडे होतं. मोजे घोट्यात रुतले होते. त्यांनी खाली बसून मोजा उतरवला आणि अंगठ्याने दाबलं. खळगा पडला, आणि तसाच राहिला.

मग त्यांनी गोविंदरावांना आडवं झोपवून बीपी मोजलं. ठीक होतं. उभं करून पुन्हा मोजलं. आकडा एकदम खाली आला, आणि गोविंदरावांनी टेबलाची कड धरली.

“असंच होतं,” ते पुटपुटले. “उठलं की.”

“आजवर उभं करून कुणी मोजलं होतं?”

गोविंदरावांनी नकारार्थी मान हलवली.

“काका, बीपीच्या गोळ्या किती घेता?”

“एक. डॉक्टर सांगतील तेवढीच. मी उगाच काही घेत नाही.”

शोभाबाई गौरीकडे वळल्या. “घर किती लांब आहे?”

“पाच मिनिटं.”

“मग एक काम करा. घरात बाबांची जी जी औषधं असतील, कपाटातली, उशाखालची, फ्रिजमधली, सगळी पिशवीत भरून आणा. निवडू नका.”

गौरी वीस मिनिटांत परत आली. पिशवी टेबलावर उलटी केली तसा गोळ्यांच्या पाकिटांचा ढीग पडला. गोविंदरावांना ते आवडलं नाही. “हे काय, झडती घेताय?”

“इन्स्पेक्शन,” शोभाबाई म्हणाल्या. “तुम्ही पार्ट न उघडता पास करायचात का?”

गोविंदरावांच्या ओठांच्या कडा हलल्या.

एकेक पाकीट उलटं करून त्या मागची बारीक अक्षरं वाचू लागल्या. वाचलं की डावीकडे ठेवायचं, पुढचं उचलायचं. नवव्या पाकिटावर त्यांचा हात थांबला. त्यांनी डावीकडच्या गठ्ठ्यातून एक परत उचललं आणि दोन्ही शेजारी ठेवली. एक निळं, नाशिकहून आणलेलं. एक पांढरं, इथलं. नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या.

“ही निळी कधी घेता?”

“सकाळी. ती नाशिकच्या डॉक्टरांची, बारा वर्षं चालू आहे. आणि पांढरी इथल्या डॉक्टरांनी दिली. त्यांनी विचारलं होतं, बीपीची गोळी घेता का, मी नाव सांगितलं, त्यांना ते नाव माहीत नव्हतं. मी कुणाचाच अवमान केला नाही. दोन्ही घेतो.”

“मग मघाशी एक का म्हणालात?”

“इथली एकच ना!”

शोभाबाईंनी भिंग काढून त्यांच्या हातात दिलं. “कंपनीचं नाव सोडा. त्याखालची ओळ वाचा. दोन्हीवरची.”

गोविंदरावांनी वाचली. पुन्हा वाचली. आयुष्यभर पार्ट नंबर तपासलेला माणूस. भिंग खाली ठेवून ते म्हणाले, “मटेरियल एकच आहे.”

“एकच. आणि इथलीचा डोस नाशिकच्या दुप्पट. म्हणजे तुम्ही तिप्पट घेताय, दोन महिने. चक्कर त्याची, पायाची सूजही बहुतेक त्याचीच.”

गौरीने तोंडावर हात ठेवला. शोभाबाईंनी डॉक्टर अबूबकरना बोलावून घेतलं. खार्टूमचे, धिप्पाड, सावकाश बोलणारे. त्यांनी दोन्ही पाकिटं पाहिली, उभ्याने घेतलेला आकडा पाहिला, शोभाबाईंनी लिहून ठेवलेला बेत वाचला: एक गोळी बंद, रक्ताच्या दोन तपासण्या, रोज घरी बीपी, आठवड्याने भेट. ते गोविंदरावांना म्हणाले, “मी याच्यात एक अक्षर बदलणार नाही,” आणि निघून गेले.

त्या आठवड्यात शोभाबाईंनी रोज सकाळी गोविंदरावांना फोन केला. पहिल्या दिवशी त्यांनी आकडे सांगितले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “आज उठलो आणि खोली जागेवरच होती!” सातव्या दिवशी ते दवाखान्यात चालत आले. उभं करून मोजलेलं बीपी जागेवर होतं, मोजे सैल झाले होते. शोभाबाईंनी डॉक्टरांना विचारून जुनी, नको असलेली काढल्यावर ढिगातल्या चौदा औषधांपैकी सहा उरली होती, आणि त्यांची यादी गोविंदरावांनी स्वतः ड्रॉइंगच्या अक्षरात काढून आणली होती. निम्म्या आकाराची एक प्रत खिशातल्या पाकिटात, एक फ्रिजवर, एक शोभाबाईंना.

गौरीने मग आपल्या दोन्ही मुलांच्या फाइली आणल्या. तिची शेजारीण आली. बिल्डिंगमधले एक गुजराती आजोबा आले, त्यांच्या पाठोपाठ त्यांची मल्याळी कामवाली. येताना प्रत्येकाच्या हातात एक पिशवी असे. अदीबा वैतागून म्हणाली, “सिस्टर, हा दवाखाना आहे की भाजीबाजार?” पण सहा नंबरची वेळ आता चार-चार दिवस आधी मागावी लागे, आणि ते सांगताना तिचा आवाज मात्र भलताच रुबाबदार व्हायचा.

उन्हाळ्यानंतर एकदा दवाखान्याच्या सूचनापेटीत दोन पानी पत्र निघालं. काळ्या शाईत, मराठीत. कुणालाच वाचता येईना. तक्रार असेल म्हणून डॉक्टर अबूबकरनी शोभाबाईंनाच बोलावलं. “काय लिहिलंय, इंग्रजीत सांगा.”

अक्षर पाहताच त्यांनी ओळखलं. काउंटरजवळ उभ्या राहून त्या एकेक ओळ इंग्रजीत सांगू लागल्या. गोविंदरावांनी सगळा घटनाक्रम तारखांसकट मांडला होता. शोधलं किती, हिंडलो किती, सापडलं कुठे. शोभाबाईंची कानशिलं तापत चालली. स्वतःचीच स्तुती स्वतःच्याच तोंडाने सांगायची, तीही बॉससमोर! त्यांनी एक वाक्य गाळलं. मग दुसरं. शेवटी “थँक यू” म्हणून पत्र मिटू लागल्या.

अदीबाने पानावर बोट ठेवलं. “सिस्टर, मला मराठी येत नाही, पण ओळी मोजता येतात. इथे खाली सहा ओळी राहिल्या.”

डॉक्टर अबूबकर हाताची घडी घालून थांबले. “यल्ला, चला सिस्टर. पूर्ण वाचा.”

शोभाबाईंनी पत्र पुन्हा उघडलं. शेवटचा परिच्छेद असा होता:

‘माझा मुलगा विचारतो, बाबा, तुमचे डॉक्टर कोण? मी सांगतो, माझ्या शोभाबाई आहेत. गरज पडली तर त्या मला डॉक्टरांकडे नेतील. आमच्या कारखान्यात अंतिम सही कुणाची, याला फार मान होता. विमान त्या सहीवर उडायचं. माझ्या तब्येतीच्या कागदावर यापुढे बाईंची सही असावी, अशी व्यवस्थापनाला विनंती आहे.’

त्यांनी ते इंग्रजीत सांगितलं. या वेळी एकही शब्द गाळला नाही. अदीबाने टाळ्या वाजवल्या, तशा रांगेत बसलेल्या दोघा-तिघांनीही, काय झालं ते न कळताच, वाजवल्या.

डॉक्टर अबूबकरनी पत्र मागून घेतलं. “याची एक प्रत तुमच्या फाइलमध्ये लागेल. आणि जानेवारीपासून दोन नवीन नर्स इथे हाच अभ्यास करायला येणार आहेत. त्यांना तुमच्या खोलीत बसवणार आहे. चालेल?”

“चालेल,” शोभाबाई म्हणाल्या. मग जरा ताठ उभ्या राहून म्हणाल्या, “पण डॉक्टर, खोली मोठी लागेल.”