पासलीच्या भातातला विलायती झगा

ती घटना आठवली, की आजही मला स्वतःचाच राग येतो. सन एकोणीसशे सत्तरच्या आसपास मी भोरला फौजदार होतो. गावातल्या एका डॉक्टरांच्या पत्नीला जुने विलायती कॉकटेल ड्रेस, म्हणजे मेजवानीत घालायचे झगे, जमवायचा भारी नाद. तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे, नामांकित शिंप्यांच्या नावाची पट्टी असलेले झगे त्या मुंबईहून हुडकून आणत. अंगात कधी घालत नसत. झटकून पुन्हा पेटीत ठेवत. त्यातला पॅरिसचा काळा, मणी जडवलेला झगा नाहीसा झाला.

बाईंनी घरी कामाला येणाऱ्या, उत्रोली गावच्या मोलकरणीवर संशय घेतला. मीही मागचापुढचा विचार न करता तिच्या दारात जीप नेली आणि भर आळीतून तिला ठाण्यात आणलं.

"त्या झग्याला म्या हात बी लावला न्हाई, साहेब," ती म्हणाली. "पर आता मला कोण दारात हुबं करंल?"

दोन तास उलटसुलट विचारलं. खोटं बोलणारा दर खेपेला गोष्ट सजवतो. हिचा शब्द इकडचा तिकडं झाला नाही. हवालदार म्हणाला, "जरा दम देऊ का?" मी म्हटलं, "गप बसा. ही खरं बोलतेय. झगा सापडेपर्यंत तपास थांबणार नाही." तिला सोडलं. ती पायीच गेली. दोन दिवसांत तिची सगळी कामं सुटल्याचं कानावर आलं.

आठवड्याभरात एसटीचा कंडक्टर हसत ठाण्यात आला. "साहेब, पासलीच्या भातात मडम हुबी हाय!"

तडक पासली गाव गाठलं. बुजगावण्याच्या अंगात तोच झगा! पंचांसमोर उतरवला, मानेजवळची पट्टी शाबूत होती. शेतकरी जराही बिचकला नाही.

"लई गुणाचा हाय. मणी चमाकलं की पाखरू बसत न्हाई. बुजगावण्याला म्हणून दवाखान्यात जुना सदरा मागितला, तर डागदरांनीच ह्यो दिला."

डॉक्टरांना समोर बसवलं. त्यांनी मान खाली घातली. "तासन्‌तास बायको त्या पेटीपुढं बसते. वैताग आला होता."

"आणि ती मोलकरीण चोर ठरली, तेव्हा का नाही बोललात?"

"घरात तमाशा झाला असता."

माझं डोकंच फिरलं. मोलकरणीला निरोप धाडून बोलावलं आणि सांगितलं, "बाई, तुमच्यावरचा आळ गेला." ती हलेना.

"साहेब, चोर म्हणून जीप दारात आली व्हती. चोर न्हाई म्हणून बी तीच येऊ द्या."

त्याच दुपारी तिच्या आळीत जीप नेली. मागं ती आणि डॉक्टर, पुढं मी. आळी गोळा झाल्यावर डॉक्टरांनी हात जोडून सगळ्यांदेखत खरं काय ते सांगितलं. पदर तोंडाला लावून ती ढसाढसा रडली.

निर्दोष म्हणून कागदावर सही करणं सोपं असतं, पण आळीतले लोक कागद वाचत नाहीत. पुढच्या साऱ्या नोकरीत, संशयावरून आणलेला माणूस सुटला, की दिवसाउजेडी त्याला जीपमधून दारापर्यंत मी स्वतः सोडायला गेलो.