सहा ते आठ: उम्म अल कुवैनमध्ये भेटलेली ग्रीसची राणी

माझ्या लेकीच्या, इराच्या, शाळेत इंटरनॅशनल डेसाठी चिठ्ठ्या टाकून देश आणि वेश वाटले आणि आमच्या वाट्याला आली ग्रीसची राणी. दुबईत आमच्या अल कुसैसच्या दुकानांत परीचा ड्रेस मिळतो, पोलिसाचा मिळतो. ग्रीसच्या राणीचा कुठून आणायचा? शेवटी कळलं, की माझ्या नवऱ्याच्या, मंदारच्या, ऑफिसातल्या ग्रीक सहकाऱ्याची आई उम्म अल कुवैन या जवळच्या छोट्या अमिरातीत राहते आणि तिच्याकडे तसा पोशाख आहे. शनिवारची ट्रिप तिथेच ठरली.

निघताना सांगलीहून माझ्या आईचा व्हिडिओ कॉल आला. नऊ वर्षांची इरा "हाय आजी, आय अ‍ॅम फाइन, बाय!" म्हणून पसार.

"काय म्हणाली गं?" आईने विचारलं. मग स्वतःच म्हणाली, "असू दे. आता मीच इंग्लिश शिकते. तोवर माझ्याशी बोलायचं विसरली नाही म्हणजे मिळवलं."

मी हसून वेळ मारून नेली. शाळेत मागे पडायला नको म्हणून इराशी घरात इंग्लिश बोलायला मीच सुरुवात केली होती. आपणच पेरलेलं उगवलं, आता बोंबलून काय उपयोग?

"यल्ला, चला, उशीर झाला तर शारजाच्या ट्रॅफिकमध्ये अडकू," मंदार ओरडला. खरंच, सकाळी सातच्या आत निघा. ई-३११ हायवे मोकळा असला तर पाऊण तासात पोचता. शारजा मागे पडलं की इमारती बुटक्या होत जातात, वाळू रस्त्याच्या कडेला येऊन बसते. गावात शिरताना एका मल्याळी टपरीवर करक, म्हणजे दुधाचा कडक चहा घेतला, दोन दिरहम. "म्हणजे पन्नास रुपये!" हे म्हटल्याशिवाय माझ्या घशाखाली चहा उतरत नाही.

खाडीवर भरतीची वेळ बघून जा. पाणी चढलेलं होतं, तिवरं गुडघाभर बुडालेली, आणि पलीकडे धुक्यात फ्लेमिंगो उभे होते. गुलाबी रंग तेवढा दिसत होता, पाय दिसतच नव्हते. मला वाटलं, इथून उठूच नये.

त्या सहकाऱ्याच्या आईचं, एलेनीआजींचं, घर खाडीजवळच. नवरा बंदरात इंजिनिअर होता. तो गेला, त्या इथेच राहिल्या. पंच्याहत्तरीच्या, ठेंगण्या, हातात सारखं काहीतरी विणकाम. त्यांनी मलमलीत गुंडाळलेला पोशाख पलंगावर उलगडला: लांब रेशमी झगा, जरीकाम केलेलं आखूड मखमली जाकीट, सोनेरी गोंड्याची लाल टोपी. खोलीत लव्हेंडरचा वास पसरला.

"हा पहिल्या राणीने रूढ केलेला पोशाख," त्या इंग्रजीत सांगू लागल्या. "ती जर्मन होती. आमच्या सगळ्याच राण्या बाहेरून आलेल्या. दुसरी रशियाची, सोळा वर्षांची. येताना बाहुल्या घेऊन आली होती."

"डॉल्स? रिअली?" इरा टोपी सोडून त्यांच्याजवळ सरकली.

"हो. आणि पहिलीने जहाजांनी रोपं मागवून अथेन्समध्ये केवढी बाग लावली. पुढे लोकांनी राजाराणीला घालवून दिलं, दोघं जर्मनीला परतले. पण तिथेही रोज संध्याकाळी सहा ते आठ घरात फक्त ग्रीक बोलायचं, असा नियम होता."

"बट दे वर जर्मन! व्हाय?"

एलेनीआजी विणकाम थांबवून हसल्या. "आठवण येत असणार."

मला एकदम भरून आलं. ज्या लोकांनी हाकललं त्यांची भाषा ती परकी बाई जपत बसली, आणि मी? मला तर कुणी हाकललंही नव्हतं.

परतताना गाडीत मी जाहीर केलं, "आपल्याकडेही सहा ते आठ. फक्त मराठी." इराने तोंड फुगवलं. मंदार म्हणाला, "इन्शाल्ला." पहिल्या संध्याकाळी सव्वासहाला नियम मोडला तो मीच: "इरा, हरी अप, डिनर इज रेडी!" "आई, तू आउट!" ती किंचाळली. त्या दिवसापासून हा तिच्यासाठी खेळ झाला आणि ती आमच्यावर पहारा ठेवू लागली.

इरा राणी झाली, मिरवली. पुढच्या शनिवारी आम्ही पोशाख परत करून आलो. धुकं नव्हतं, फ्लेमिंगोही दूर गेले होते, तरी डोळे मिटले की मला अजून ती पहिली सकाळच दिसते.

त्याच संध्याकाळी सातला आईचा कॉल आला. ती नीट पदर घेऊन बसली होती, हातात वहीचा कागद. घसा खाकरून वाचायला लागली, "इरा, हाऊ आर यू? यू आर लुकिंग व्हेरी..."

इराने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. "आजी, आठ वाजेपर्यंत इंग्लिश चालत नाही. मी तुला राणीची गोष्ट सांगते. तिच्याकडे बाहुल्या होते."

आईने कागदाची घडी घातली, चष्मा काढून डोळे पुसले.

"बरं झालं बाई," ती म्हणाली, "मला पुढचं वाचताच येत नव्हतं."