आक्का समुद्रावर गेली तेव्हा

आक्का गेल्याचा फोन शेजारच्या किराणा दुकानात आला, तेव्हा मी बेळगावच्या घरी भाकरी थापत होते. पिठाच्या हातानंच धावले. दिवसकार्य उरकून आले त्याला महिना होऊन गेला, पण पुन्हा निपाणीला जायचं म्हटलं की पाय उचलत नाही… आई नसलेलं माहेर कसलं हो?

आक्का म्हणजे माझी आई. जन्मभर विड्या वळल्या. स्वभाव विचारू नका, तापलेला तवा! मी जातीबाहेर लग्न केलं तेव्हा तिनं बजावलं, "ह्या उंबऱ्यावर पाय ठेवायचा न्हाय." मीही तिचीच लेक. नाही ठेवला. दिवस राहून सातवा महिना लागला तरी नाही. एकटी असले की रडायची, ते वेगळं.

त्याच उन्हाळ्यात आक्काच्या गल्लीतल्या बायकांची सहल वेंगुर्ल्याकडे गेली. तिथल्या एका मास्तरांनी कासवाची अंडी कुंपण घालून राखली होती. गावानं ती खाऊ नयेत म्हणून ते पाहुणे बोलवायचे, गावातल्याच घरी पैसे देऊन जेवायला धाडायचे आणि पिल्लं समुद्राकडं सोडायला लावायचे. बायका हरखल्या. आक्का मात्र लांब बसून. "माझ्या हाताला तंबाखू हाय, कवळं पोर मरंल." मास्तर म्हणाले, "वाळूनं घासा, खाऱ्या पाण्यात धुवा." तिनं सालटं निघेस्तोवर हात घासले म्हणे, आणि एक पिल्लू ओल्या वाळूवर ठेवलं. लाटेनं ते मागं ढकललं, ते पुन्हा निघालं… मास्तर सांगत होते, "मादी असेल तर मोठी होऊन अंडी घालायला इकडंच येईल."

"म्हंजी बाळंतपणाला म्हायेरीच की वो!" आक्का म्हणाली. सगळ्या हसल्या. ही पदरात तोंड घालून रडली.

परतताना सावंतवाडीला बाकीच्या निपाणीच्या गाडीत बसल्या, ही बेळगावच्या. माझ्या दारात उभी राहून मला म्हणते, "बघतीस काय? पिशवी भर."

"आणि उंबरा?" मी फणकारले.

"उंबरा माझा हाय. मी सांगीन तसा वागंल."

चुकलं म्हणणं तिला ठाऊकच नव्हतं! पण निपाणीच्या घरी आतल्या खोलीत बाज टाकून तिनं माझं बाळंतपण असं केलं, की जावयाशीही त्याच खोलीत गप्पा रंगायला लागल्या. माझी लेक तिथलीच. आता शाळेत जाते.

परवा भावाची बायको बेळगावला आली. चहा घेता घेता म्हणाली, "वन्सं, ह्यांनी आतल्या खोलीत पोती लावायची म्हटली. मी म्हटलं, मग वन्सं आल्यावर निजतील कुठं?"

मला हुंदका आवरेना. शनिवारी लेकीला घेऊन निपाणीला निघालेय.