हाताखाली नव्हे, हाताशी

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात होते. सकाळी मला गेटपर्यंत सोडायला आले, तेव्हा चांगले होते… मामा म्हणजे माझे सासरे, एसटीतून निवृत्त झालेले मेकॅनिक. ते जाऊन आता दीड महिना झाला.

नऊ वर्षांपूर्वी मला नर्सची सरकारी नोकरी लागली, पण लातूरच्या घरापासून लांब, नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगरला. प्रवीण, माझा नवरा, लातूरच्या डाळमिलमध्ये कामाला, आमचा कबीर दोन वर्षांचा आणि सासूबाई लग्नाआधीच गेलेल्या. "सुजाता, लेकरू लहान हाय, सोडून दे. पुन्हा लागंल की," प्रवीण म्हणाला. मामांनी चहाचा कप खाली ठेवला. "पुन्हा कुठली लागते? मी जातो हिच्यासंगं. लेकराला मी बघतो."

साठी उलटलेला माणूस स्वतःचं घर, रोजचे सोबती सोडून अनोळखी गावातल्या एका खोलीत राहायला आला. स्वयंपाक येत नव्हता, पहिला महिना आम्ही अर्धकच्चंच खाल्लं. मी करते म्हटलं की चिडायचे, "ड्यूटीचा टाइम व्हायलाय, निघ तू." एकदा चाकूरहून त्यांचे चुलतभाऊ आले. मामा कबीरचे कपडे पिळत होते. "सुनेच्या हाताखाली राहायलास व्हय?" भाऊ म्हणाले. मामांनी सदरा झटकून दोरीवर टाकला. "हाताखाली न्हाई, हाताशी हाय." मग चहाही त्यांनीच केला.

पंधरा दिवसांनी एकदा प्रवीण यायचा आणि मोबाइल घेऊन ताटाची वाट बघत बसायचा. मामांनी एके रविवारी पिठाची परात त्याच्यापुढे सरकवली. "तिला आज ड्यूटी हाय. सुट्टी तुला हाय." तो रुसला, पुढच्या दोन खेपा आलाच नाही. मामांनी बोलावलं नाही. नंतर आला तो भाजी घेऊन, आणि आल्या आल्या विळी मागितली.

चार वर्षांनी माझी लातूरला बदली झाली, तरी मामांनी स्वयंपाकघर सोडलं नाही. ते गेल्यावर नातेवाईक म्हणाले, आता घर कोण बघणार, लांब रजा टाक. मी पंधराव्या दिवशी कामावर हजर झाले.

फडताळाच्या दाराला आतून मामांनी चिकटवलेला एक कागद आहे… 'वरणात हळद आधी. कबीरला तिखट कमी.' परवा पीठ काढताना दिसलं, खाली प्रवीणच्या अक्षरात नवी ओळ आहे: 'ज्वारीच्या पिठाला उकळतं पाणी. सुजाताचा डबा सातला तयार.'