भिंतीवरची ताई

फोटो चिकटवायला मी बाजारातला गोंद वापरत नाही. मैद्याची खळ शिजवते आणि त्यात चिमूटभर मोरचूद टाकते, म्हणजे कसर लागत नाही. हे बाबांनी शिकवलं. बाबा तिरोडीच्या मँगनीज खाणीत होते. आमच्या घरातल्या प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर त्यांच्या खळीचे निळसर डाग अजून आहेत.

यंदाच्या उन्हाळ्यात माझी मुलगी नागपूरहून चार दिवस आली आणि जाताना हुकूम सोडून गेली. "मम्मी, नानी के टाइम के सब फोटो एक जगह चिपका दो. और नीचे लिख भी दो, कौन है, कहाँ का है. नहीं तो हमको कौन बताएगा?" नागपुरात राहूनही बाईसाहेबांचं मराठी भाजीवाल्यापुरतंच आहे. पण बोलली ती खरं. सांगणारी आता एकच उरली होती, माझी माय.

माय माझ्याकडे बालाघाटलाच असते. सकाळी दहापर्यंत तिला सगळं लख्ख आठवतं. जेवण झालं की घोळ सुरू होतो, मग ती मलाच विचारते, "तू कोनाकडची वं?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी न्हाणीघरात जाऊन रडले होते. आता सांगते, "तुह्याकडची." तिला ते पटतं.

म्हणून आम्ही सकाळी बसायचो. बाजारातून काळा जाड कागद आणला होता, त्याची पानं कापली, भोकं पाडली आणि बुटाच्या नाडीनं बांधली. मी फोटो धरायचे, माय बोलायची, मी चिठ्ठीवर लिहून घ्यायचे. खैरलांजीच्या मामाचा म्हशीबरोबरचा एक फोटो आहे. मायनं त्या म्हशीची तीन वेतं सांगितली, ती कुणाच्या शेतात शिरली ते सांगितलं. मामाबद्दल विचारलं तर म्हणाली, "तो होय, तुहा मामा." मी तसंच लिहिलं.

मला या वहीत दोन गोष्टी हव्या होत्या. पहिलं पान ताईचं, आणि कुठंतरी माझा लहानपणीचा एक तरी फोटो.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. ती पाच वर्षांची असताना तापानं गेली, तेव्हा मी वर्षाची होते. तिचा एकच फोटो, मोठा करून घेतलेला, लाकडी चौकटीतला, तिरोडीच्या क्वार्टरपासून आमच्या भिंतीवर आहे. बुट्ट्यांचा फ्रॉक, दोन वेण्या, मिटलेले ओठ. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माय तिच्या नावानं नवी घागर भरायची, पन्हं आणि पुरणपोळी ठेवायची आणि त्या फोटोला हार घालायची. लेकरांची घागर भरत नाहीत असं शेजारच्या बायका सांगायच्या, पण माय कुणाचं ऐकणारी नव्हती. बाबाही हात जोडायचे. मात्र त्यांची नजर चौकटीच्या वर, भिंतीवर असायची. मला वाटायचं, त्यांना बघवत नसेल.

माझा लहानपणीचा एकही फोटो नव्हता. पहिला फोटो दहावीच्या फॉर्मवरचा, त्यात मी पोलिसांनी पकडून आणल्यासारखी दिसते. लहान असताना एकदा माय मला रेल्वेनं तुमसरला फोटो काढायला घेऊन गेली होती, हे मात्र आठवतं. स्टुडिओतला पडदा आठवतो. फ्रॉक काखेत काचत होता ते आठवतं. मी हसले की माय म्हणायची, "हासू नको." त्या फोटोचं काय झालं विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं असायचं. "खराब झाला तो."

ताईनं मला छळलं म्हणणार नाही, पण सोडलंही नाही. घरी येणारी प्रत्येक बाई आधी भिंतीकडे बघायची, मग माझ्याकडे, आणि म्हणायची, "हुबेहूब तिच्यावानी दिसते हो." मला ते ऐकून भीती वाटायची. पाच वर्षांची झाली की मुलगी मरते, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. सहा वर्षांची झाले, मी मेले नाही, तर वाटायला लागलं की मी तिच्या वाटणीचं जगतेय आणि ती बघतेय. आरशासमोर उभी राहिले की मी हनुवटी वर करायचे. साडेचार वर्षांची असताना क्वार्टरच्या नळाच्या ओट्यावर पडले होते, त्याची आडवी खूण तिथं आहे. फोटोतल्या ताईची हनुवटी गुळगुळीत होती. ही खूण म्हणजे मी ताई नसून मीच असल्याचा माझा पुरावा होता.

आणि मी तिच्याशी बोलायचेही. नापास झाले ते आधी तिला सांगितलं. लग्न ठरलं तेव्हा घरात कुणी विचारलं नाही, पण तिच्यासमोर उभी राहून मी विचारलं, करू का? बाबा गेले त्या दिवशीही तिलाच म्हटलं, आता तू तिकडं आहेस, बघ त्यांच्याकडे. वयानं मी तिची आजी होण्याजोगी झाले तरी माझी मोठी बहीण तीच होती.

त्या सकाळी मी वहीसाठी तो फोटो चौकटीतून काढायला घेतला. मागचे खिळे गंजले होते. पुठ्ठा निघाला आणि त्याच्यामागून एक छोटा फोटो मांडीवर पडला. मोठा फोटो ज्यावरून केला, तो हा मूळ फोटो. तोच फ्रॉक, त्याच वेण्या, तोच पडदा. फक्त यावर स्टुडिओवाल्याचा ब्रश फिरलेला नव्हता. हनुवटीवर आडवी खूण स्पष्ट दिसत होती.

माझा हात आपोआप हनुवटीवर गेला. काखेत काचणारा तो फ्रॉक मला एकदम अंगावर जाणवला. मला भीती वाटली, अगदी साधी, लहानपणची भीती. इतकी वर्षं दर अखाजीला माय माझ्या फोटोला हार घालत होती. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालणं किती वाईट, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं.

माय समोरच बसून पानांच्या कडा बोटानं सरळ करत होती. नऊ वाजले होते. मी छोटा फोटो तिच्यापुढं धरला आणि विचारलं, "माय, हे कोन आहे?"

तिनं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "सापडला तुले."

"म्हंजे मीच आहे ना हे?"

"हौ."

"आन् ताईचा फोटो?"

"तिचा काढलाच कुठं होता? धान निघाल्यावर काढू म्हटलं होतं. ते धान निघाच्या आधीच गेली."

मला राग आला होता आणि तो मी लपवला नाही. "मंग मले मेलेली काहून केलं? तुह्या हातानं हार घातला मले दरसाल. तुले काही वाटलं नाही?"

माय रडली नाही. पान खाली ठेवून म्हणाली, "तिचा चेहरा निघून जाऊन राह्यला होता मनातून. रोज थोडा थोडा. आधी नाक गेलं, मंग डोये. मी घाबरली. तू पाच वर्षांची झाली तं पेटीतला तिचा फ्राक काढला, तुले घातला. एका पोटचे लेकरं, वाटलं तुह्यात दिसन ती. स्टुडिओवाल्याले सांगतलं, हनुवटी साफ कर."

"बाबाले माहीत होतं?"

"फोटो आला तं आंगनात जाऊन बसले."

भिंतीच्या वरच्या भागाकडे बघत हात जोडणारे बाबा आता मला कळत होते.

"मंग दिसली का तुले ताई, त्या फोटोत?" मी विचारलं.

"तेच तं चुकलं," माय म्हणाली. "दोन-चार वर्षं पाह्यला फोटो, आन् जे थोडी उरली होती ते बी पुसल्या गेली. आता डोये मिटले का तूच दिसते. ती कशी होती, मले नाही माहीत बाई."

माझा राग तिथंच संपला, आणि त्यापेक्षा वाईट काहीतरी सुरू झालं. मायची मुलगी आता कुठंच नव्हती. मी जिच्याशी आयुष्यभर बोलले ती माझी मोठी बहीणही नव्हती. इतकी वर्षं मी स्वतःलाच विचारत होते आणि स्वतःच गप्प राहत होते.

"चेहरा जाऊ दे," मी म्हटलं. "दुसरं काही आठवते का तिचं?"

माय विचार करत राहिली. घड्याळ पुढं सरकत होतं आणि मी एकदा तिच्याकडे, एकदा काट्याकडे बघत होते.

"तुले कडेवर घेऊन फिरे," ती शेवटी म्हणाली. "तिले झेपे नाही, अर्धी तू खाली लोंबे. कोनी मांगलं तं देत नसे. माही पोरगी आहे म्हने. खानीचा भोंगा वाजला का लई भ्याची. पन आपले कान नाही झाके. तुहे झाकून धरे, दोन्ही हातानं."

मी लिहून घेतलं. पहिल्या पानावर फोटोची जागा मोकळी ठेवली आणि हे तेवढंच पांढऱ्या पेननं उतरवलं, मायच्या शब्दांत, जसंच्या तसं. दुसऱ्या पानावर तो छोटा फोटो खळ लावून चिकटवला आणि खाली लिहिलं, मी, वय पाच, तुमसर. चौकट मोठ्या फोटोसकट कपाटात साड्यांच्या खाली ठेवली. झालं ते बरं झालं असं मी स्वतःला सांगत होते. भिंतीवर चौकोनी पांढरा डाग राहिला होता. येताजाता माझी मान तिकडं वळायची आणि मी ती परत सरळ करायचे.

तीन आठवड्यांनी अखाजी आली. मी घागर भरली, पुरण घातलं. दुपारी जेवणाआधी मायला हाताला धरून आणलं. पाटावर बसून तिनं वर पाहिलं, मग आजूबाजूला पाहिलं.

"माही पोरगी कुठं गेली?"

"माय, तूच सांगतलं ना त्या दिवशी..."

"इथं होती माही पोरगी! कोनी नेली?" ती उठायला धडपडली. भिंतीवरच्या त्या डागावर हात फिरवायला लागली, वर, खाली, बाजूला. तिचा आवाज फुटला. "एकच तं फोटो होता वं तिचा. एकच होता. आता मी तिले कशी ओळखू?"

त्या दिवशीची सकाळ तिच्याकडे उरली नव्हती. ती फक्त माझ्याकडे होती, आणि काळ्या कागदावर.

मी कपाट उघडलं. साड्या बाजूला केल्या. चौकट पदरानं पुसून खिळ्याला लावली.

"हे पाह्य. इथंच आहे ताई. काच पुसाले काढली होती."

माय शांत झाली. तिनं हार माझ्या हातात दिला, तिचा हात आता तिथवर पोचत नाही. म्हणाली, "घाल. आन् पाया पड तिच्या, मोठी आहे ते तुह्याहून."

मी माझ्या फोटोला हार घातला. मग हात जोडले आणि वाकले. नजर मात्र बाबांसारखी चौकटीच्या वर, भिंतीवर ठेवली.